कोरडी भरलेली छागल

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी माझे नाव ऐकले असेल. मी छागल आहे. जाड कॅनव्हासची, पाणी भरून खांद्याला नाहीतर गाडीला अडकवायची पिशवी. आजोबांना विचारा, ते लगेच ओळख दाखवतील. वडिलांना विचाराल तर ते आधी मोबाईलमध्ये शोधतील. आता मी म्हातारी झाले आहे आणि पोटातून उभी फाटले आहे. माझ्यात पाण्याचा थेंब राहत नाही. फाटल्याचे मला दुःख नाही, खरेच नाही. दुःख आहे ते फाटण्याआधीच्या तीन तासांचे, आणि तेच सांगायचे म्हणून मी आज तोंड उघडले आहे.

माझा जन्म जामखेडच्या बाजारात झाला. तिथे सहादेवमामा नावाचे एक कारागीर ताडपत्र्या शिवत. ताडपत्री शिवून उरलेल्या चांगल्या कापडातून ते छागली करत. मेण लावलेला दोरा, दुहेरी शिवण, एका कोपऱ्याला लाकडी बूच आणि वर धरायला दोरीची मूठ. लंकाबाई नावाची तरणी बाई मला घ्यायला आली, तेव्हा मामांनी मला तिच्या हातात लगेच दिले नाही. आधी बजावले.

“ताई, हिचं एक पथ्य हाय. नवी असू द्या न्हाईतर लई दिस पडून ऱ्हायलेली असू द्या, आधी रातभर पान्यात बुडवून ठिवायची. धागा फुगला की बारीक भोकं मिटत्यात. मग भरून टांगायची अन् खालची माती बघायची. माती लईच वली झाली तर शिवन तपासायची. कोरडी भरू नका. कोरडी भरली की ही दगा देती.”

दगा हा शब्द मला तेव्हा फार लागला होता. मी मनात म्हटले, मामा, जन्म दिलात आणि पहिल्याच दिवशी बदनामीही केलीत!

एक गुपित सांगते. चांगली छागल थोडी झिरपतेच. अंग ओलसर राहते, त्यावरून वारा जातो आणि आतले पाणी गार होते. झिरपणे हा माझा दोष नव्हे, तो माझा धर्म आहे. पण झिरपणे वेगळे आणि गळणे वेगळे, हे ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

दिवाळी सरली की लंकाबाई आणि तिचा नवरा कल्याण ऊसतोडीला निघत. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरे, आणि ट्रकच्या कड्याला बाहेरून मी. देवळाली प्रवऱ्याच्या बाजूला उसाचे मोठमोठे फड होते. चार-पाच महिने आमचा मुक्काम तिथल्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. फडात मी बाभळीच्या फांदीला लटकत असे. दुपारी सगळे घामाघूम होऊन माझ्याकडे येत. आधी मुकादम, मग गडी, मग लेकरे, आणि उरले तर बाया. हा क्रम कुणी ठरवला ते मला ठाऊक नाही. पण तीस वर्षांत तो कधी चुकला नाही, आणि लंकाबाईला तो चुकीचा आहे असे वाटलेले मी कधी पाहिले नाही.

माझे कौतुक मात्र पुष्कळ झाले. दुसऱ्या कोपीतली माणसे “एक घोट द्या” म्हणून येत. एका ट्रक ड्रायव्हरने तर मला मागणीच घातली. म्हणाला, “वैनी, ही छागल मला द्या, माझा टेप तुमी ठिवा.” लंकाबाईने कोयत्याची धार बघत उत्तर दिले, “तुझ्या टेपातलं गानं पिता येतं व्हय?” सगळा फड हसला. मी त्या दिवशी जरा जास्तच फुगले होते.

पण फडापेक्षा मला प्रिय होता तो चैत्रातला एक दिवस.

आमचे गाव खर्ड्यापासून फार लांब नाही. गावाच्या उगवतीला चुनखडीचा डोंगर आहे. डोंगर कसला, एकामागे एक उठलेल्या तीन टेकड्या. वर माती अगदी कमी, सगळीकडे पांढरे खडबडीत दगड आणि पायाखाली घसरणारी खडी. लंकाबाई, बनुबाई आणि झुंबरबाई या तिघी दोन वर्षांच्या आत नव्या सुना म्हणून या गावात आल्या. तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी चुन्याची भट्टी होती. तिघी टोपल्या घेऊन चुनखडी वेचायला जात. सासरच्या घरात जे बोलता येत नसे ते त्या तिथे बोलत. पुढे भट्टी बंद पडली, तरी डोंगर त्यांनी सोडला नाही. फड संपवून गावी परतले की चैत्रातला एक दिवस ठरवायचा आणि वर जायचे. वर दगडात कोरलेले पाण्याचे टाके आहे आणि काठाला साती आसरांचे, म्हणजे सात जलदेवतांचे, सात दगड, शेंदूर लावलेले. “आसरांना पानी घालून येतो” असे म्हटले की घरात कुणी अडवत नसे. देवाचे नाव पुढे करून मैत्रिणी भटकायला निघाल्या आहेत, हे त्या सातही जणींना माहीत असणार. त्यांनी कधी चुगली केली नाही.

त्या दिवशी डोक्यावर मोळी नसे, हातात कोयता नसे. तिघी हसत, दम खात, एकमेकींच्या सासवांच्या नकला करत चढत. पिवळ्या गवतात तित्तर ओरडत असे. दुसऱ्या टेकडीवर एक पळस आहे, त्याची शेवटची केशरी फुले पांढऱ्या दगडांवर पडलेली असत. वर पोहोचले की माझ्यातले पाणी आधी सात दगडांवर, मग घोटभर प्रत्येकीला, आणि मग मला टाक्यात बुडवून पुन्हा भरायचे.

त्यांचा एक नियम होता. जिच्या खांद्यावर पाणी, तिने शेवटी प्यायचे. हा नियम बनुबाईमुळे जन्माला आला. तरुणपणी, मी यायच्या आधी, भोपळ्याच्या तुंब्यात पाणी न्यायच्या तेव्हा एकदा बनुबाईकडे तुंबा होता. पहिल्या टेकडीवर पोहोचेपर्यंत बाईसाहेबांनी तो अर्धा रिकामा केला. वर “उन्हानं आटलं” असे सांगितले! तेव्हापासून हा कायदा. तीस-पस्तीस वर्षे त्यावरून बनुबाईची थट्टा चालली आहे आणि ती सगळ्यांत मोठ्याने हसते.

मग दिवस पालटले. कल्याणच्या पाठीचे दुखणे वाढले आणि त्यांचे फडावर जाणे थांबले. घरात फ्रीज आला, लग्नाकार्याला पाण्याचे जार येऊ लागले. झुंबरबाईला तिचा मुलगा राहात्याला घेऊन गेला. दोघींनी जाण्यात तिसरीची उणीव फार टोचते, म्हणून लंकाबाई आणि बनुबाई डोंगरावर जायच्या थांबल्या. मी एका खुंटीला लटकले, फुटक्या सुपाच्या शेजारी. सहा वर्षे. पाल माझ्या पाठीवर झोपत असे. कोपऱ्यातल्या शिवणीचा दोरा हळूहळू विरत होता, ते मला जाणवत होते. पण पाणी भरल्याशिवाय ते कुणाला दिसणार?

गेल्या वर्षी चैत्रात झुंबरबाई एका लग्नासाठी गावी आली. लग्न झाले आणि तिसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, ती लंकाबाईच्या दारात उभी राहिली. अंगाने वाळली होती, चष्मा जाड झाला होता. हातात मुलाने दिलेली चकचकीत स्टीलची पाण्याची बाटली होती.

“लंके, चल,” ती म्हणाली. “सांजच्याला पोरगा न्यायला येतोय. गावातलं घर आता बंदच करनार म्हनतो. फिरून माझं येनं हुईल का न्हाई, देवाला ठावं.”

लंकाबाई चुलीपुढून उठली. तिने चुलीतले लाकूड मागे ओढले आणि पदर खोचला. बनुबाईला हाक गेली. आणि मग लंकाबाईने सहा वर्षांनी मला खुंटीवरून काढले, झटकले आणि गालाला लावले. मित्रांनो, मी कापडाची आहे, तरी त्या गालाची ऊब मला कळली.

झुंबरबाई म्हणाली, “आगं, ही बाटली हाय की. दोन लिटरची हाय. आसू दे सोबत.”

“छागल आसताना बाटली?” लंकाबाई फणकारली. “आमच्या डोंगरावर राहात्याचं पानी न्हाई चालत. ठिव ती खिडकीत.”

“ठिव बाई, ठिव,” बनुबाईने री ओढली. “न्हाईतर छागल रुसंल.”

झुंबरबाईने हसून बाटली खिडकीत ठेवली. मला फार बरे वाटले. स्टीलच्या त्या बाटलीकडे मी तुच्छतेने पाहिले, हे कबूल करते. गर्वाचे घर खाली म्हणतात, पण ते घर पडते तेव्हा ढिगाऱ्याखाली दुसरेच कुणी सापडते.

लंकाबाईने मला रांजणाशी नेले. तांब्या हातात घेतला आणि क्षणभर थांबली. सहादेवमामांचे बोल तिला आठवले असणार. रातभर भिजवायची होती. पण झुंबर संध्याकाळी जाणार होती आणि उद्या असा दिवस नव्हता. “वाटंनं फुगंल,” ती स्वतःशीच पुटपुटली आणि मला कोरडीच भरली. सून दिपालीने विचारले, “आत्या, पानी पुरंल ना? ऊन लई हाय आता.” सासूला ती आत्या म्हणते.

“वर टाकं हाय की,” लंकाबाई म्हणाली. “आमी काय पहिल्यांदा चाललोय?”

तिघी निघाल्या. तिघींचीही साठी जवळ आलेली. बनुबाईचे गुडघे कुरकुरत होते, झुंबरबाईला चढ नीट दिसत नव्हता, पण चेहरे पाहिले असते तर तुम्ही म्हणाला असता की शाळेची सहल निघाली आहे. पायथ्याच्या पडक्या भट्टीपाशी पोहोचेपर्यंत माझे धागे फुगले आणि कापडातून येणारे पाणी थांबले. कोपऱ्यातली शिवण मात्र उसवली होती. तिथून बारीक धार लागली होती. लंकाबाईची पाठ ओली झाली. छागल ओली असतेच, म्हणून आधी तिला संशय आला नाही. मग वजन कळले. तीस वर्षे तिने मला वाहिले होते, माझे वजन तिला पोटच्या पोरासारखे ठाऊक होते.

ती थांबली. मला पोटाशी धरून कोपरा चाचपला. मग तिने इकडेतिकडे पाहिले, पदराचे टोक त्या जागी दाबून धरले आणि काही न बोलता चालू लागली.

लंकाबाई, परत फिर! मी ओरडत होते. पण आम्हा वस्तूंचे ओरडणे माणसांच्या कानांपर्यंत पोहोचत नाही. पोहोचले असते तर जगातली निम्मी दुखणी टळली असती.

भट्टीपाशी पहिली विश्रांती झाली. झुंबरबाई पोटभर प्यायली, बनुबाई पोटभर प्यायली. मग नियमाप्रमाणे लंकाबाईची पाळी. तिने बूच काढून तोंड लावले, ओठ घट्ट मिटले, गळा दोनदा हलवला आणि म्हणाली, “हां! आता कसं बरं वाटलं.” तिच्या ओठांच्या आत एक थेंबही गेला नव्हता. हे तिला ठाऊक होते आणि मला ठाऊक होते.

“दे, आता मी घेते,” बनुबाईने हात पुढे केला.

“ऱ्हाऊ दे गं. आज मीच घेनार. तुझ्याकडं दिली तर आसरांना काय घालू?”

सगळ्या हसल्या. बनुबाई हसली, पण तिची नजर खाली होती. लंकाबाईच्या मागे, पांढऱ्या दगडांवर, ओल्या ठिपक्यांची एक रेघ भट्टीपर्यंत आली होती. ठिपके बघता बघता वाळत होते. बनुबाई त्या रेघेकडे पाहत राहिली आणि मग कुणाच्या तरी सासूचा किस्सा सांगू लागली.

दुसऱ्या टेकडीचा चढ उभा आहे. ऊन आता डोक्यावर आले होते. चुनखडीचा दगड उन्हाला जिरवत नाही, तो ते परत तोंडावर फेकतो. खालून भाजते, वरून भाजते. पळसापाशी दुसरी विश्रांती झाली तेव्हा लंकाबाईचा चेहरा लालबुंद झाला होता. पळसाला पान नव्हते, त्यामुळे सावली काठ्यांची. झुंबरबाईने मला हातात घेतले. माझ्यात जेमतेम तांब्याभर पाणी उरले होते. तिने मला किंचित हलवले. आवाज ऐकला. तिचे डोळे अधू होते, हात अधू नव्हते. तिने फक्त ओठ ओले केले आणि मला बनुबाईकडे दिले.

बनुबाईने काय करावे? तीच ती, तुंबा रिकामा करणारी. तिने मला तोंडाला लावले आणि घशातून घटघट असा मोठा आवाज काढला. मान मागे टाकून, डोळे मिटून. नाटकात काम करते म्हणा ना. घोट एकही घेतला नाही.

“संपवलंस का काय गं?” लंकाबाईने विचारले.

“भरपूर हाय. पी तू,” बनुबाई म्हणाली.

लंकाबाईने पुन्हा ओठ मिटून गळा हलवला.

मित्रांनो, आता नीट ऐका. एकीला वाटले, चूक माझी आहे, पाणी या दोघींना आणि आसरांना उरू दे. दुसरीला वाटले, बाटलीची आठवण काढली तर लंकी शरमेने मरेल, त्यापेक्षा मी कमी पिते. तिसरीला वाटले, तोंड उघडले तर इथूनच परत फिरावे लागेल, आणि झुंबर पुन्हा कधी येणार? तिघींना कळले होते की मी गळते आहे. तिघीही गप्प बसल्या. तिसऱ्या टेकडीच्या चढाला ते तांब्याभर पाणी माझ्या उसवलेल्या कोपऱ्यातून निघून गेले. तिघींनी एकमेकींसाठी राखलेले पाणी कुणाच्याच पोटात पडले नाही. ते मी दगडांना पाजले.

माथ्यावर पोहोचल्या तेव्हा समोर लांबवर खर्ड्याचा किल्ला उन्हात पुसट दिसत होता. झुंबरबाई एका दगडावर टेकून तिकडे बघत राहिली. लंकाबाई सरळ सात दगडांपाशी गेली, वाकली, बूच काढले आणि मला उलटे केले. तीन थेंब पडले. पहिल्या आसरेवर दोन, दुसरीवर एक. बाकी पाच कोरड्या राहिल्या.

“टाक्यातलं घालू,” ती घाईने म्हणाली आणि मागे वळली. टाक्यात पाणी नव्हते. तळाला चिखल वाळून त्याला भेगा गेल्या होत्या, आणि कडेने दोन मधमाश्या ओल शोधत फिरत होत्या. इतक्या वर्षांत ते टाके कधी आटले नव्हते. पण सहा वर्षांत तिथे कुणी डोकावलेही नव्हते.

लंकाबाई टाक्याच्या काठावर बसली. “मला जरा…” एवढेच म्हणाली आणि कलंडली.

तिच्या अंगाला घाम नव्हता. कपाळ तव्यासारखे तापले होते. ती काहीतरी बडबडत होती, मुकादमाला हाका मारत होती, आणखी दोन मोळ्या राहिल्या म्हणत होती. बनुबाईने कनवटीचा मोबाईल काढला. वर रेंज होती, ही आसरांचीच कृपा. “दिपाली, ओंकारला धाड! पानी घिऊन! तुझी सासू पडलीया वर!” आणि मग ती, आयुष्यभर हसलेली बाई, मोठ्याने रडू लागली.

झुंबरबाई रडली नाही. तिने आजूबाजूला पाहिले. झाड नव्हते, पाणी नव्हते. तिचा हात माझ्यावर पडला आणि तिथेच थांबला. मी ओली होते. जाड दुहेरी कापड पाणी पिऊन थबथबलेले होते. परतताना कडुनिंबाचा मोहोर काढायला बनुबाईने विळा आणला होता. झुंबरबाईने तो घेतला, मला दगडावर ठेवले आणि माझे पोट उभे फाडले.

दुखले का, असे तुम्ही विचाराल. नाही, मित्रांनो. त्या सकाळपासून पहिल्यांदाच मला बरे वाटले.

तिने मला पिळले. चार चमचे पाणी निघाले असेल, ते लंकाबाईच्या जिभेवर गेले. मग तिने मला उलगडून लंकाबाईच्या कपाळावर आणि मानेवर पसरले. वारा सुटला होता. माझा धर्म मला आठवला. जे मी पोटातल्या पाण्यासाठी तीस वर्षे केले, ते मी त्या दिवशी लंकाबाईच्या डोक्यासाठी केले. दोन्ही म्हाताऱ्या उन्हाकडे पाठ करून तिच्यावर ओणवून बसल्या, आपल्या अंगाची सावली तिच्यावर पाडून. बनुबाई पदराने वारा घालत होती. तशा त्या दीड तास बसल्या. दोघींच्या घशाला कोरड पडली होती, पण एकही जागची हलली नाही.

ओंकार, म्हणजे लंकाबाईचा मुलगा, दोन माणसे आणि पाणी घेऊन धापा टाकत आला. गोधडीची झोळी करून तिला खाली उतरवले, टेम्पोत घालून दवाखान्यात नेले. मी तिच्या डोक्यावरच होते. तिथे मला कुणीतरी खाटेच्या कठड्यावर टाकले, म्हणून पुढचे मला बघता-ऐकता आले.

संध्याकाळी झुंबरबाईचा मुलगा न्यायला आला. ती गेली नाही. दोन दिवस सलाईन चालले. तिसऱ्या दिवशी सकाळी लंकाबाईने नीट डोळे उघडले आणि पहिले वाक्य बोलली ते असे, “झुंबरे, मी कोरडीच भरली गं. माझं चुकलं. तुमच्या वाटचं पानी मी सांडलं.”

झुंबरबाईने तिच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, “मला पळसापाशीच कळलं हुतं. हातात घेतली तवाच.”

“मला तर भट्टीपाशीच,” बनुबाई खाली मान घालून म्हणाली. “रेघ बगितली मी दगडावर. नुस्ता आवाज काढला घशातून. पेले न्हाई.”

“तू? तू पेली न्हाईस?” लंकाबाईने विचारले.

“न्हाई.”

“आन् तू, झुंबरे?”

“नुस्तं व्हट वले केले.”

खाटेभोवती कुणी हसले नाही. झुंबरबाईने चष्मा काढला आणि पदराने पुसू लागली. तिचा आवाज चढला. “एकीनं जरी त्वांड उघडलं आसतं, लंके! पानी गळतंय, चला माघारी, एवढंच म्हनायचं हुतं. तुझा जीव गेला आसता तर काय करायचं हुतं आमी त्या डोंगराचं? जन्मभर फडात शेवटी पेलीस. आमच्यातबी शेवटीच? त्यो नियम आमीच केला, थट्टेत केला. जळो त्यो नियम.”

लंकाबाई रडली. तीस वर्षांत मी तिला अशी रडताना पाहिले नव्हते. दिपाली दारात उभी होती, तीही डोळे पुसत होती.

मला वाटले होते, आता मला फेकून देतील. फाटलेली छागल कुणाच्या काय कामाची? पण लंकाबाईने मला घरी नेले, धुतले आणि त्याच खुंटीला अडकवले. फुटके सूप मात्र दिपालीने चुलीत घातले.

या वर्षी चैत्र आला. झुंबरबाई राहात्याहून आली, घर बंद झाले तरी आली, लंकाबाईकडे उतरली. जायचे कधी ते या वेळी चार दिवस आधीच ठरले. आणि आदल्या संध्याकाळी लंकाबाईने काय केले असेल? तिने बादली भरली आणि मला तीत बुडवले. दिपाली म्हणाली, “आत्या, ती फाटलीया. तिच्यात काय भरनार?”

“भरायची न्हाई,” लंकाबाई म्हणाली. “पन भिजवायची तर हाय.”

सकाळी उन्हाच्या आधी निघाल्या. तिघींच्या तीन खांद्यांवर तीन बाटल्या. त्यात ती स्टीलचीही होती. मी तिच्याकडे पाहिले आणि या वेळी मान खाली घातली. मला घडी घालून लंकाबाईने डोक्यावर ठेवले होते, ओली, गार. वर पोहोचल्यावर तिने मला सात दगडांवर धरून पिळले. पाणी पहिलीवर पडले, दुसरीवर पडले, आणि सातव्या आसरेपर्यंत पोहोचले.

मग झुंबरबाईने आपल्या बाटलीचे झाकण काढले आणि ती लंकाबाईपुढे धरली. “आधी तू पी.”

“आगं, माझी हाय की माझ्याकडं…”

“पी म्हनते ना. आन् त्वांड उघडून पी. आमी बगनार हाय.”

दोघी खरोखरच तिच्या गळ्याकडे बघत बसल्या. लंकाबाईने बाटली उंच धरली आणि धार तोंडात सोडली. साठ वर्षांची ती बाई, घोळक्यात सगळ्यांच्या आधी पाणी पीत होती. पाणी हनुवटीवरून ओघळले, लुगड्यावर सांडले, तरी ती थांबली नाही.

मित्रांनो, मी आता पुन्हा खुंटीवर आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याही घरात असतील. त्यांना वापरायला काढाल तेव्हा त्यांचे पथ्य विचारा, घाई करू नका. आमच्याकडून चूक झाली तर आम्हाला सांगता येत नाही, आम्ही मुक्या आहोत. पण तुम्ही मुके नाही. तहान लागली तर सांगा, चूक झाली तर सांगा, समोरच्याची चूक दिसली तरी प्रेमाने सांगा. आणि तुमच्या घरात, शेतात, सहलीत कुणी “मला नको, तुम्ही प्या” म्हणाले, तर त्याच्या शब्दांवर जाऊ नका. एकदा त्याच्या ओठांकडे बघा.